वासाला टांगलेली आठवण
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गावातल्या अत्तराच्या दुकानात एक नवीनच गिऱ्हाईक दिसू लागतं. एरवी तिथं गर्दी व्हायची ती ईदच्या आधी, उरुसाच्या दिवसांत किंवा लग्नसराईत. आता दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील येतात. मी असाच गप्पा मारत बसलो होतो, तेव्हा एक गृहस्थ आले. मोबाइलवर एक चित्र काढून त्यांनी दुकानदारापुढे धरलं. "चाचा, हे रोझमेरी का काय म्हणतात, ते आहे का? पोराच्या पाठांतरासाठी हवंय." दुकानदार सत्तरीचे. त्यांनी चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, माझ्याकडे वास मिळतो. पाठांतर पोराकडून करून घ्या."

गृहस्थ हसले आणि पुढच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथं त्यांना शिशी नक्की मिळाली असणार. कारण आज रोझमेरी, लॅव्हेंडर, पेपरमिंट अशा नावांची तेलं तालुक्याच्या गावातही मिळतात. एकाग्रतेसाठी, स्मरणशक्तीसाठी, ताणासाठी असं त्यांच्या खोक्यांवर छापलेलं असतं. सोबत वाफ सोडणारं डिफ्यूझर नावाचं यंत्र घ्या, असा आग्रहही असतो.

मी डॉक्टर नाही. बी.ए.ला माझा विषय मराठी होता. पण गझल लिहिणाऱ्या माणसाचा पाठांतराशी रोजचा संबंध असतो आणि अत्तराशी आमच्या घराचा संबंध जुना. त्यात गेल्या काही वर्षांत घरातच असं काही घडलं, की या विषयावर मिळेल ते वाचणं मला भाग पडलं. त्या वाचनातलं जे पक्कं आहे, तेवढंच आज सांगतो.

आधी तेल म्हणजे काय, ते बघू. आपल्याकडे तेल म्हटलं की खोबरेल, तिळाचं, शेंगदाण्याचं. घाण्यातून दाबून काढलेलं. कागदावर थेंब पडला तर डाग कायमचा. ब्राह्मीचं किंवा माक्याचं जे तेल आपण डोक्याला चोळतो, तेही मुळात तिळाचं नाहीतर खोबऱ्याचंच. वनस्पतीचा रस त्यात कढवलेला असतो. इसेन्शियल ऑइल ही निराळी जात. फूल, पान, साल, गवत यांत जे सुगंधी द्रव्य असतं ते वाफेबरोबर उडतं. ती वाफ पकडून थंड केली की पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. शाळेत ज्याला ऊर्ध्वपातन म्हणतात, ते हेच. कागदावर याचा थेंब टाका, बहुतेक तेलांचा डाग काही वेळानं उडून जातो. तीच गोष्ट हवेत उडून आपल्या नाकात शिरते.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला हे काम अजून जुन्या पद्धतीनं चालतं. तांब्याच्या मोठ्या हंड्याला तिथं देग म्हणतात. देगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण चिकणमातीनं लिंपायचं, खाली लाकडाचा नाहीतर गोवऱ्यांचा जाळ. देगेतून बांबूची नळी निघते ती पाण्याच्या हौदात ठेवलेल्या लांब मानेच्या भांड्यात, म्हणजे भपक्यात. भपक्यात पूर्वी चंदनाचं तेल असायचं. फुलांची वाफ त्यात येऊन मुरायची आणि तयार व्हायचं अत्तर. चंदन महागलं तसं अनेक ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आलं. त्यामुळे 'अस्सल' हा शब्द जरा जपूनच वाचावा. गुलाबाच्या एक किलो शुद्ध तेलासाठी साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. मग शे-दोनशे रुपयांच्या शिशीवर 'शुद्ध गुलाब तेल' लिहिलेलं असेल तर आत काय असेल, याचा हिशेब चौथीचं मूलही करील.

हा हिशेब काही आजचा नाही, आणि त्यात आमचं खानदेशही आहे. सातपुड्याच्या पायथ्याला रोशा नावाचं गवत उगवतं. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. त्याचं तेल गुलाबाच्या अगदी जवळ जाणारा वास देतं, कारण जिरेनिऑल नावाचं जे द्रव्य गुलाबात आहे, तेच या गवतात भरपूर असतं. एकोणिसाव्या शतकात खानदेशातल्या भट्ट्यांवर काढलेलं रोशाचं तेल मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जाई आणि तिकडच्या गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई. युरोपातल्या साहेबांच्या मडमा जो गुलाब म्हणून हुंगत होत्या, त्यात आमच्या डोंगरातलं गवत होतं! मला याचा अभिमान वाटावा की लाज, हे अजून ठरत नाही.

आता नाकाकडे वळू. आपण जे हुंगतो त्याचे कण नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध, एका लहानशा ओलसर पडद्यावर बसतात. त्या पडद्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या पेशींच्या ग्राहकांचं जनुकीय कुटुंब शोधून काढलं. त्यासाठी त्यांना २००४ मध्ये नोबेल मिळालं. माणसात या ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार आहेत. कुलपं चारशे, पण एकेक वास एकाच वेळी अनेक कुलपं उघडतो. त्यांच्या जुळण्यांतून आपल्याला कितीतरी वास वेगवेगळे कळतात.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला जाणवलेलं हे सारं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर जातं आणि तिथून पुढे पाठवलं जातं. वासाची वाट तेवढी वेगळी आहे. तो नाकामागच्या गंधकंदातून थेट भावनांच्या आणि आठवणींच्या मोहल्ल्यात शिरतो. अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस ही त्या मोहल्ल्यातली मोठी घरं. म्हणून होतं काय, की वासाचं नाव सुचण्याआधीच मन भरून येतं. कसला वास आहे हे सांगता येत नाही, पण आपण चाळीस वर्षं मागे गेलेलो असतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर ओल्या सरकीच्या पेंडीचा वास. आमचा मुलूख कापसाचा. दारात म्हैस होती आणि तिची पेंड रात्री भिजत घातलेली असे. आज कुठं तो वास आला की अम्मीचा भल्या पहाटेचा आवाज ऐकू येतो, तिच्या हातातल्या बांगड्यांसकट. ईदच्या सकाळी अब्बा कापसाचा इवलासा फाया अत्तरात बुडवून माझ्या कानाच्या पाळीवरच्या घडीत बसवायचे. ते हिना होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. वास मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा.

हे कविमनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. स्टॉकहोमच्या संशोधकांनी पासष्ट ते ऐंशी वर्षांच्या ९३ लोकांवर एक प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना शब्द दिले, काहींना चित्रं, काहींना वास, आणि विचारलं, यावरून काय आठवतं? शब्दांनी आणि चित्रांनी बहुतेकांना अकरा ते वीस या वयातलं आठवलं. वासानं मात्र दहा वर्षांच्या आतलं. इंग्लंडात यॉर्क शहरी व्हायकिंग लोकांच्या जुन्या वस्तीचं एक संग्रहालय आहे. तिथं त्या काळचे म्हणून मुद्दाम वास सोडलेले असतात. काही वर्षांपूर्वी ते पाहून गेलेल्या लोकांना तिथल्या वस्तूंबद्दल प्रश्न विचारले. प्रश्न सोडवताना ज्यांना तेच वास हुंगायला दिले, त्यांना इतरांपेक्षा जास्त आठवलं. हा प्रयोग १९९९ मधला.

मला यात रदीफ-काफियाचं तत्त्व दिसतं. मुशायऱ्यात शेर म्हणताना पहिली ओळ आली की दुसरी ओळ काफियाला लटकून आपसूक वर येते. काफिया म्हणजे भिंतीतली खुंटी. अंगरखा तिला टांगलेला असतो. वाससुद्धा अशीच खुंटी आहे. पण खुंटीला आधी काहीतरी टांगावं लागतं. जे वाचलंच नाही, ते कुठल्याही अत्तरानं आठवणार नाही.

मग रोझमेरीचं काय? बाजारातला दावा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करू. इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १४४ जणांना तीन गटांत वाटलं. एका गटाच्या खोलीत रोझमेरीचा वास, दुसऱ्या गटाच्या खोलीत लॅव्हेंडरचा, तिसऱ्या गटाला कसलाच नाही. मग संगणकावर स्मरणाच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. रोझमेरीच्या खोलीतल्यांचं स्मरण थोडं सरस ठरलं, पण आठवण्याचा वेग मंदावला. लॅव्हेंडरच्या खोलीतल्यांचं काम चालवण्याइतपत स्मरण उलट घसरलं. २००८ मध्ये पेपरमिंटची पाळी आली. पेपरमिंटनं स्मरण थोडं सुधारलं आणि इलांग-इलांग नावाच्या फुलाच्या तेलानं ते घटवलं, मन मात्र शांत केलं. २०१२ मध्ये याच विद्यापीठात वीस जणांचं रक्त तपासलं. रोझमेरीतलं सिनिओल नावाचं द्रव्य ज्यांच्या रक्तात जास्त उतरलं, त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी करण्यासारखी कामं अधिक चांगली केली.

आता यातून काय घ्यायचं? एक गोष्ट अशी, की वास नाकातून रक्तात उतरू शकतो, म्हणजे सगळाच मनाचा खेळ नाही. दुसरी अशी, की परिणाम लहान आहे, काही मिनिटांच्या चाचणीतला आहे, आणि एका गोष्टीत फायदा तर दुसरीत तोटा आहे. बारावीचा तीन तासांचा पेपर ही फार निराळी गोष्ट. गंमत म्हणजे हे सिनिओल निलगिरीच्या तेलातही भरपूर असतं. निलगिरीची बाटली आपल्याकडे सर्दीसाठी पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. ती हुंगून कुणी बोर्डात आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि अभ्यासाच्या टेबलावर लॅव्हेंडर ठेवणाऱ्या आईबापांनी तो प्रयोग जरूर वाचावा. लॅव्हेंडर निजायच्या खोलीत शोभतं.

पुदिना किंवा कापूर हुंगल्यावर 'डोकं एकदम मोकळं झालं' असं आपण म्हणतो, त्यात वासापेक्षा निराळीच एक मज्जा काम करत असते. चेहऱ्याची आणि नाकाची संवेदना वाहणाऱ्या या मज्जेला मेंथॉल लागलं की ती गारव्याचा निरोप मेंदूला देते. खरं तर काहीच गार झालेलं नसतं. झोप उडते, पण शिकलेलं पक्कं होतं असं नाही. तोंडावर पाणी मारण्यानंही तेवढं काम होतं, आणि तेही फुकट.

मला सगळ्यात आवडला तो जर्मनीतल्या ल्युबेक शहरातला प्रयोग. २००७ चा. पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवायचा एक खेळ असतो. पालथे मांडलेले पत्ते, कुठलं चित्र कुठं आहे ते ध्यानात ठेवायचं. तरुण मंडळींना रात्री हा खेळ शिकवला आणि शिकताना गुलाबाचा वास दिला. मग ती झोपली. गाढ झोपेत त्यांना पुन्हा तोच वास दिला. सकाळी विचारल्यावर त्यांना शेकडा ९७ जोड्या आठवल्या. झोपेत ज्या रात्री वास दिला नव्हता, त्या सकाळी हे प्रमाण शेकडा ८६ होतं. शिकताना वास नव्हता आणि फक्त झोपेत दिला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. खुंटीला आधी टांगावं लागतं असं मी म्हणालो, ते यासाठीच. झोपेत मेंदू दिवसभराचा पसारा आवरत असतो. गुलाबाचा वास त्याला कानात सांगतो, की हे गाठोडं आधी उचल.

पुढे २०२० मध्ये फ्रायबर्गच्या संशोधकांनी हा प्रयोगशाळेतला प्रकार खऱ्या शाळेतल्या मुलांवर करून पाहिला. सहावीच्या दोन वर्गांतली ५४ मुलं. त्यांना इंग्रजीचे शब्द पाठ करायचे होते. आणि साधन काय दिलं, तर गुलाबाच्या वासाच्या उदबत्त्या! अभ्यास करताना टेबलावर आणि रात्री उशाशी. ज्या मुलांनी दोन्ही वेळी त्या वापरल्या, त्यांचं पाठांतर सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं. चोपन्न मुलं म्हणजे काही फार मोठी संख्या नाही. पण यात ना महागडं तेल आहे ना यंत्र, आणि इजा होण्यासारखंही काही दिसत नाही.

कुणाला करून बघायचंच असेल तर त्यातली मेख लक्षात घ्या. जादू गुलाबात नसावी, ती एकाच वासाच्या जोडीत असावी. म्हणून जो वास घरात रोज दरवळतो तो उपयोगाचा नाही. ज्या घरात रोज मोगऱ्याची उदबत्ती लागते, तिथं मोगरा शंभर गोष्टींना चिकटलेला असतो. एखादा असा वास निवडा जो त्या एका विषयासाठीच बाहेर निघेल. उदबत्ती पेटवायचीही गरज नाही, न पेटवताही तिला वास असतो, आणि बंद खोलीतल्या धुरानं मुलाला खोकलाच व्हायचा. शिवाय नाक लवकर थकतं. अत्तरवाल्याला हे विचारा. तो चार-पाच अत्तरं दाखवून झाली की 'जरा थांबा' म्हणतो. काही मिनिटं एकच वास सतत आला की तो जाणवेनासा होतो. तेव्हा दिवसभर डिफ्यूझर चालू ठेवून मिळतं काय, तर विजेचं बिल.

आता घरातली गोष्ट. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो. स्वयंपाकात तिचा हात असा, की बिर्याणीला दम किती झाला हे ती झाकण न उघडता, नुसत्या वासावर सांगायची. सहा-सात वर्षांपूर्वी तिच्या हातून दूध करपू लागलं. करपल्याचं तिला कळत नसे. आम्हाला वाटलं, वय झालं, लक्ष नसतं. मग भाजीत हिंग दोनदा पडू लागला. त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं ती नातवंडांची नावं चुकवू लागली. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी बाकीच्या चौकशीबरोबर एक प्रश्न विचारला, "यांना वास नीट येतो का?" तेव्हा ते दूध आठवलं.

नंतर वाचलं त्यावरून कळलं, की अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांत पुष्कळदा वासाची जाण आधी कमी होते. विसराळूपणा किंवा हाताचा कंप नंतर दिसतो. याचा अर्थ वास गेला म्हणजे हा आजार झालाच, असा मुळीच नाही. सर्दी, सायनस, डोक्याला लागलेला मार, नुसतं वाढलेलं वय, कितीतरी कारणं असतात. २०२० नंतर कोविडनं तर घरोघरी नाकं बंद केली. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना गॅस सुटलेला कळत नसेल, करपलेलं कळत नसेल, आंबलेलं वरण ते नेहमीसारखं खात असतील, तर 'लक्ष नसतं' म्हणून सोडू नका. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. डोळे आपण तपासतो, कान तपासतो. नाकाची मात्र कुणी विचारपूस करत नाही.

आपाचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं एके रात्री फोन केला. "मामू, नेटवर एक तेल आहे. स्मरणशक्ती २२६ टक्क्यांनी वाढते म्हणे. अम्मीसाठी मागवू का?" त्याचा आवाज असा होता, की मला 'थांब' म्हणवेना. मी फक्त म्हणालो, "दोन दिवस दे, मी वाचतो."

हा आकडा खोटा नाही. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठाचा प्रयोग आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला. साठ ते पंचाऐंशी वर्षांचे ४३ लोक. त्यांच्यापैकी एका गटाच्या खोलीत सहा महिने रोज रात्री दोन तास वास सोडला. गुलाब, संत्रं, निलगिरी, लिंबू, पेपरमिंट, रोझमेरी, लॅव्हेंडर असे सात वास, एका रात्री एक. दुसऱ्या गटाला नावापुरताच वास. शेवटी शब्दांची यादी वाचून दाखवून किती आठवतात ते मोजलं. वासाच्या गटाचे गुण थोडे वाढले, दुसऱ्या गटाचे थोडे घसरले, आणि त्या दोहोंतल्या तफावतीचं गुणोत्तर मांडलं तेव्हा २२६ टक्के आले. मूळ फरक मोजक्या शब्दांचा. आणि मुख्य म्हणजे ही सगळी माणसं धडधाकट स्मरणाची होती. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्यात एकही नव्हता. प्रयोग चांगला आहे, तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवा. पण त्यातला आकडा कात्रीनं कापून शिशीवर चिकटवणं हा निव्वळ धंदा झाला.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे गोळ्याच चालू ठेवायच्या." मी म्हटलं, "गोळ्या चालूच ठेव. आणि वास हवा असेल तर तेही करू, पण औषध म्हणून नको."

कारण वासाचा व्यायाम नावाची एक गोष्ट खरोखर आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये ती मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, सलग बारा आठवडे हुंगायचे. ज्यांची वासाची जाण गेली होती, त्यांच्यापैकी व्यायाम करणाऱ्यांना तो न करणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला. कोविडच्या काळात जगभरच्या डॉक्टरांनी हाच व्यायाम सांगितला. मीही त्यातून गेलो. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझं नाक गेलं. त्या वर्षी पहिला पाऊस पडला, अंगण भिजलं, आणि मातीला वासच नाही! ज्या वासाचं कन्नौजवाले भाजलेल्या मातीपासून अत्तर काढतात, ज्याला १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, तो वास माझ्या दारात येऊन परत गेला. त्या दोन महिन्यांत मी एक ओळ लिहू शकलो नाही. परत आला तो प्रथम लवंगेचा, तोही अर्धवट, पावसाळा संपता संपता.

आता सावधगिरीच्या गोष्टी, आणि त्या मी मुद्दाम ठासून सांगणार आहे. ही तेलं पोटात घ्यायची नसतात. निलगिरीचं किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी त्याला झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. या शिश्या औषधाच्या कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. बंगळूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी २०२१ मध्ये निलगिरी आणि कापूर असलेल्या तेलांचा आणि बामचा फिट येण्याशी संबंध असलेले मोठ्या माणसांतले रुग्णही नोंदवले आहेत. तेव्हा ज्यांना अपस्माराचा त्रास आहे त्यांनी 'नुसता वास तर आहे' असं म्हणू नये, डॉक्टरांना विचारावं. दम्याच्या रुग्णांनाही तीव्र वासानं धाप लागू शकते. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, त्याचा काही उपयोग नाही. त्याला कुशीवर वळवा, हेच खरं काम.

आणि वेखंड. बाळाची बुद्धी तल्लख व्हावी, वाचा लवकर फुटावी म्हणून आपल्याकडे गुटीत वेखंड उगाळतात. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत हे चालतं. त्याच्या तेलातल्या असॅरोन या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी आहे. परंपरेबद्दल मला आदर आहे, पण तान्ह्या बाळाला काही द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारून.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, मग करायचं तरी काय? नाक चालतं ठेवायला बाजारात जायची गरज नाही. आपल्या मिसळणाच्या डब्यात आणि फडताळात कन्नौज भरलेलं आहे. चार छोट्या झाकणाच्या डब्या घ्या. एकीत ठेचलेली लवंग, दुसरीत लिंबाची साल, तिसरीत वेलदोडा, चौथीत वाळलेल्या गुलाबपाकळ्या. लिंबाची साल दर दोन दिवसांनी बदला, बाकीचं पंधरा दिवसांनी. सकाळी दात घासून झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी एकेक डबी नाकाशी धरून, डोळे मिटून, वीस सेकंद हळूहळू हुंगायचं. जोरात नाक ओढायचं नाही. दोन डब्यांच्या मध्ये जरा थांबायचं. हुंगताना ती वस्तू मनात आणायची, लवंगेचं टोक, लिंबाचा रंग. वडीलधाऱ्यांबरोबर करत असाल तर डबी न दाखवता 'ओळखा' म्हणायचं, आणि ओळखता आलं नाही तरी हसून पुढची डबी द्यायची. परीक्षा घ्यायची नाही. आणि एखाद्या डबीबरोबर ती माणसं काही सांगू लागली, माहेरचं, शेतातलं, कुठल्या तरी लग्नातलं, तर उरलेल्या डब्या खुशाल बाजूला ठेवा आणि ऐकत बसा.